ती कॅप कोणी उघडायला सांगितली?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे, व्होकेशनलला ऑटोमोबाइल घेतलंय. दहावीला मार्क बरे होते, सायन्सला सहज प्रवेश मिळाला असता, पण त्याने हट्टाने हेच घेतलं. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला इंजिन गरम असताना त्याने रेडिएटरची कॅप उघडली आणि उकळतं पाणी उजव्या हातावर आणि थोडं गळ्याखाली उडालं. तिथे कोणीतरी टूथपेस्ट लावून दिली आणि तो तसाच एसटीने घरी आला. हातावर मोठे फोड आले होते. सरांना फोन केला तर म्हणाले, "ताई, शिकताना एवढं व्हायचंच." माझे दीर गॅरेज चालवतात, मुलगा रविवारी त्यांच्याकडे जातो, त्यांचंही तेच म्हणणं, आम्ही असेच शिकलो. याचे वडील म्हणतात, काढ तिथून आणि आर्ट्सला घाल. मुलगा म्हणतो, काढलंत तर शिकणारच नाही. शाळेत जाऊन भांडावं, तर प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. मी काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई,

आधी हाताचं बोलू. आठवडा होऊन गेलाय, फोड एव्हाना बसायला लागले असतील. जागा लाल होऊन ठणकत असेल किंवा पू दिसत असेल तर आजच डॉक्टरकडे न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारा. आणि यापुढे कधी कोणाला भाजलं, वर्कशॉपात किंवा तुमच्या स्वयंपाकघरात, तर भाजलेला भाग सरळ नळाखाली. साधं वाहतं पाणी, घड्याळ लावून 20 मिनिटं. अंगठी, कडं, घड्याळ सूज चढायच्या आत काढायचं. मग स्वच्छ कापड सैलसर गुंडाळायचं आणि दवाखाना गाठायचा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ, यातलं काहीही नको. टूथपेस्टने क्षणभर गार वाटतं म्हणून लोक लावतात, आणि नंतर जखम बघायला डॉक्टरला तीच पुसून काढावी लागते. तेव्हा पोरं कशी ओरडतात ते मी ऐकलंय.

मी 31 वर्षं डिझेल मेकॅनिकची पोरं शिकवली. "शिकताना एवढं व्हायचंच" हे वाक्य सुरुवातीची काही वर्षं मीही म्हणत होतो, त्यामुळे तुमच्या सरांवर दगड मारायचा अधिकार मला नाही. ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते सांगतो.

आमच्याकडे 5 एचपीचं एक सिंगल सिलिंडर इंजिन होतं, विहिरीवर पूर्वी असायचं तसलं, हँडल मारून सुरू करायचं. ते हँडल धरायची एक रीत आहे. आपण काठी धरतो तसा अंगठा पलीकडून वळवायचा नाही; तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि चारी बोटांचा नुसता आकडा करायचा. कारण फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, पुरतं फिरायच्या आधी आत स्फोट झाला तर हँडल उलटं येतं. अंगठा मोकळा असेल तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठा गुंतलेला असेल तर मनगट त्याच्याबरोबर जातं. हे मी दर जूनला फळ्यावर चित्र काढून सांगायचो. एका वर्षी जानेवारीत एका पोराचं मनगट मोडलं. मी तेव्हा स्टाफरूममध्ये चहा घेत होतो. वर विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, "त्याला सांगितलेलं होतं." आणि खरंच सांगितलेलं होतं, सात महिन्यांपूर्वी, फळ्यावर.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून एक दोनशे पानी वही घातली आणि तीत प्रत्येक लागणं-खुपणं लिहायला लागलो. खरचटलेलं, चटका बसलेला, डोळ्यात कण गेलेला, सगळं. कोणाला, कुठल्या जॉबवर, किती वाजता. दोन वर्षांनी वही चाळली तेव्हा किती वाजता हा रकाना बघून गप्प बसलो. बहुतेक नोंदी तास संपायच्या शेवटच्या वीस मिनिटांतल्या. घंटा व्हायच्या आत इंजिन पुसायचं, पाणी काढायचं, पाने (स्पॅनर) मोजून ट्रेमध्ये लावायचे, वहीवर सही घ्यायची, आणि एसटी चुकवायची नाही. पोरांना येत नव्हतं म्हणून लागत नव्हतं. येत असलेलं काम घाईत करताना लागत होतं.

आता तुमच्या मुलाचं बघा. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती त्याला शांतपणे विचारा. रागावून विचारलंत तर खरं सांगणार नाही. ती कॅप त्याने का उघडली? मौज म्हणून, की "चला, पाणी काढा, आवरा" असं कोणी म्हणालं म्हणून? माझा अंदाज, कोणी तसं म्हणालं म्हणूनच.

रेडिएटर म्हणजे दुसरं काही नाही, तुमचा कुकर. त्याची कॅप साधारण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवते, म्हणजे कुकरची शिट्टी ज्या दाबाला उचलते जवळपास तेवढाच. त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 अंशांच्या जवळ जाईपर्यंत ते गप्प बसतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. वाफ नाही, आवाज नाही. कॅप फिरवली की दाब एकदम जातो, आणि ते गप्प बसलेलं पाणी एका झटक्यात उकळून वर येतं. दाब असलेला कुकर उघडू नये हे तुम्ही घरात कोणाला फळ्यावर शिकवलं नसेल. रोज तुम्हाला थांबताना बघून पोरं शिकली. वर्कशॉपात थांबणारं कोणी दिसलं नाही, एवढंच झालं.

इंजिन बंद केल्यावर किमान अर्धा तास तरी कॅपला हात लावायचा नाही, आणि तेवढ्यानेही भागेलच असं नाही. वरचा जाड रबरी होज चिमटीत दाबून बघायचा. तो गरम आणि टणक असेल तर आत दाब आहे. मऊ आणि कोमट झाला की जाड फडकं कॅपवर टाकायचं, तोंड बाजूला, पहिल्या खाचेपर्यंत कॅप फिरवायची आणि तिथे थांबायचं. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग दाबून पुढे फिरवायची. हे तुमच्या मुलाला आता जन्मभर शिकवावं लागणार नाही.

पण तासच दोन तासांचा असेल आणि इंजिन सुरू करणं शेवटच्या अर्ध्या तासात येत असेल, तर ते थंड व्हायला वेळ उरतोच कुठे? म्हणून मी नंतर जॉबचा क्रमच उलटा केला. पाण्याशी संबंधित काय असेल ते आल्या आल्या, इंजिन गार असताना. सुरू करून बघणं शेवटी, आणि ज्या इंजिनावर काम झालं ते झाकून सोडून द्यायचं, पाणी उद्याची बॅच काढेल. तास संपायच्या वीस मिनिटं आधी पाने खाली. सुरुवातीला पोर्शन मागे पडतो म्हणून ओरड झाली. पडला नाही. खर्च शून्य. असं काही सरांना सुचवता आलं तर त्याचा उपयोग भिंतीवरच्या फलकापेक्षा जास्त होईल. (फलक दरवर्षी 4 मार्चला, सुरक्षा दिनाला, नवे लागतात. शपथ होते, फोटो निघतो, आणि 5 तारखेला पोरं चपला घालून वर्कशॉपात.)

तर, काढायचं का? नाही. त्याला आवड आहे, आणि ज्याला आवड आहे त्याला आर्ट्सला घातलंत तरी तो रविवारी दिरांच्या गॅरेजात जाणारच, आणि गॅरेजात शाळेपेक्षा लक्ष कमी. पण डोळे झाकून ठेवूही नका. एकदा स्वतः जाऊन वर्कशॉप बघून या. तासाच्या सुरुवातीला जाऊ नका, तेव्हा सगळे शहाणे असतात. संपायच्या अर्धा तास आधी जा.

तुम्हाला इंजिनातलं काही कळत नसलं तरी चालेल. पोरांच्या पायांकडे बघा. पुढून बंद, जाड बूट आहेत की सँडल? मग हात. कडं, अंगठी, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ? माझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचा एक पांढरा वण आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा घड्याळाचा पट्टा स्टार्टरच्या टर्मिनलला आणि गाडीच्या बॉडीला एकाच वेळी टेकला. बॅटरी फक्त 12 व्होल्टची, पण पट्टा लाल व्हायला दोन सेकंदंही लागली नाहीत. म्हणून कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, ती सगळ्यात आधी निघते आणि सगळ्यात शेवटी लागते. हातातले दोरे, गंडे, ओढणी, लांब वेणी, यांचं वैर इंजिनाच्या फिरणाऱ्या बेल्टशी आणि फॅनशी. राखीपौर्णिमेनंतरचे आठ दिवस माझ्या डोक्याला ताप असायचा. बहिणीने बांधलेली राखी काढ म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. शेवटी दाराशी एक खिळ्यांची पट्टी ठोकली. राखी तिथे अडकवायची, जाताना घ्यायची. पुढे मुलींच्या ओढण्याही तिथेच लटकायला लागल्या. आणि हो, हल्लीच्या गाड्यांचा रेडिएटर फॅन विजेवर चालतो. चावी काढल्यावरही तो आपोआप फिरू शकतो. इंजिन बंद आहे म्हणून बोट आत घालणारी पोरं मी पाहिली आहेत.

पुढे, इंजिन चालू असताना धूर कुठे जातो ते बघा. सायलेन्सरला पाइप जोडून तो खिडकीबाहेर काढलेला असायला हवा. पावसाळ्यात हे विशेष बघा, कारण पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं ओढलं जातं आणि इंजिन तसंच चालू राहतं. पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. मुलगा प्रॅक्टिकलच्या दिवशीच डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत असेल तर "उपाशी गेलास म्हणून" असं समजू नका. डिझेलमध्ये हा वायू कमी, म्हणून तो धूर निरुपद्रवी असं जुने मिस्त्री समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 सालीच डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलाय.

आग विझवायचं नळकांडं असेलच. त्याच्या काट्याकडे नजर टाका, तो हिरव्या पट्ट्यात असायला हवा. आणि ते हाताला येतंय की कपाटामागे आहे? प्रथमोपचाराची पेटी कुलपात असेल तर किल्ली कोणाकडे, विचारा. आमच्याकडे ती क्लार्ककडे होती, आणि क्लार्क रजेवर. बॅटरी चार्जिंगच्या टेबलाजवळ पाण्याचा नळ आहे का, हेही बघा. ॲसिड डोळ्यात गेलं तर पहिली पंधरा-वीस मिनिटं नळच डॉक्टर असतो.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती पालकांनाच काय, गावातल्या निम्म्या डॉक्टरांनाही पटकन ध्यानात येत नाही. मुलाला विचारा, तुमच्याकडे इंजेक्टर टेस्टिंग होतं का. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी. एका छोट्या हातपंपावर इंजेक्टर लावतात आणि लिव्हर दाबून डिझेलचा फवारा कसा पडतो ते बघतात. दिसायला सुंदर असतं, धुक्यासारखं. पोरांना त्यात बोट घालायचा मोह होतोच. जुन्या इंजेक्टरमध्येही तो फवारा दोनशे बारच्या आसपास दाबाने सुटतो. नव्या कॉमन रेल गाड्यांमध्ये सोळाशे आणि त्याच्याही वर. तो कातडी फोडून सरळ आत जातो. बाहेर दिसतो सुई टोचल्यासारखा एक ठिपका. रक्त जेमतेम, आणि सुरुवातीला दुखतही नाही फारसं. पोरगा बोट पुसतो आणि घरी येतो. रात्री बोट सुजतं, कारण डिझेल आत स्नायूबंधांच्या कडेकडेने पसरत असतं. त्यात बोट गमावलेली माणसं आहेत. असं कधी झालं तर सकाळची वाट बघायची नाही. जिथे सर्जन आहे अशा दवाखान्यात त्याच तासाला जायचं, आणि नुसतं "टोचलं" न म्हणता "डिझेल दाबाने आत गेलंय" असं सांगायचं. गरज पडली तर 108 ला फोन करा. गळती शोधायलाही पाइपावरून बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

राहिला मार्कांचा प्रश्न. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. प्रॅक्टिकलचे मार्क म्हणजे सरांची मर्जी, हे आमच्या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. म्हणून भांडायला जाऊ नका, आणि एकट्याही जाऊ नका. त्याच बॅचमधल्या आणखी दोन-तीन आयांना बरोबर घ्या. पोराची तक्रार घेऊन आलोय असं न वाटू देता विचारा, "सर, तुमच्याकडे पोरं किती आणि मदतनीस किती?" बहुतेक ठिकाणी उत्तर असतं तीस पोरं, एक सर, आणि मदतनीसाची जागा कित्येक वर्षं रिकामी. हे त्यांनाही कोणापुढे तरी बोलायचं असतं. एकदा ते बोलले की मग म्हणा, आम्ही पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे मांडतो, तुम्ही सांगा काय काय हवंय. चष्मे, बूट, धुराचा पाइप, पेटीची दुसरी किल्ली. हे लेखी द्या, तारीख घालून, पोच घेऊन. पाणी उडाल्याची नोंद शाळेत कुठे झाली आहे का हेही त्याच वेळी विचारा. झालेली नसणार. करायला लावा, नाव-ठपका न ठेवता, नुसती घटना म्हणून. कागदावर आलेली गोष्ट पुन्हा झाली की "व्हायचंच" म्हणायला जीभ जरा अडखळते. एवढं करूनही सर हसण्यावारी नेत असतील तर मग मुख्याध्यापक, आणि तेव्हा मात्र मार्कांचा विचार बाजूला ठेवा.

मुलाला एकच सांगा, "सर, एक मिनिट" म्हणायला लाजायचं नाही. आमच्याकडे इंजिन सुरू करणाऱ्याने मोठ्याने "इंजिन!" ओरडायचं आणि गटातल्या प्रत्येकाने "बाजूला!" म्हणायचं अशी पद्धत होती. एकाचाही आवाज आला नाही तर स्टार्टर मारायचा नाही. पहिले पंधरा दिवस पोरं खिदळत ओरडायची. नंतर मीच कधी घाईत विसरलो तर मागून कोणीतरी म्हणायचं, "सर, बाजूला म्हणालो नाही अजून."

तुमच्या दिरांचं राहिलं. ते असेच शिकले हे खरं आहे, आणि त्यांच्या हाताची बोटं मोजून बघा असं मी म्हणणार नाही, भांडण लागेल. पण रविवारी एकदा डबा द्यायच्या निमित्ताने गॅरेजात जा आणि मुलगा गाडीखाली शिरलेला असताना गाडी कशावर उभी आहे ते बघा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर असेल, किंवा जॅक आणि दोन विटांवर, तर त्याला लगेच बाहेर बोलवा. जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही. आतलं एक रबरी सील गेलं की तो बसतो, आणि बसताना आवाज करत नाही. गाडीखाली लोखंडी स्टँड लागतात, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढूनमागून ठोकळे. विटा भाराने फुटतात. दिरांकडे घोड्या नसतील तर वाद घालत बसू नका. येत्या दसऱ्याला ते हत्यारांची पूजा मांडतील, तेव्हा घोड्यांची एक जोडी घेऊन जा आणि पान्यांच्या शेजारी मांडून या. पूजेला मांडलेली वस्तू ते परत करणार नाहीत.